साहित्य परतीची नोंद

कोपऱ्यातले झेंडे: चार.
असं मीच ऑगस्टमध्ये वहीत लिहिलं,
खाली सही: घ. तारी, शिपाई, क्रीडा विभाग.

आता तीन आहेत.
चौथ्याची काठी फोंडा पोलीस ठाण्यात,
कापडात गुंडाळलेली, गाठीवर लाख,
गळ्यात चिठ्ठी: मुद्देमाल दोन.
मुद्देमाल एक म्हणजे जर्सी, सहा नंबरची.
ती धुतलेली नाही. धुवायची नाही म्हणे.

सोमवारी प्राचार्यांचं पत्र आलं,
खालील चार विद्यार्थी पुढील आदेशापर्यंत निलंबित,
त्यांच्याकडील साहित्य जमा करून घ्यावे.
घ्यावे, म्हणजे मी.

दत्तेश गावस आला आधी,
बूट वर्तमानपत्रात बांधून.
खिळ्यांमध्ये अजून मैदानाची लाल माती.
हे माझेच आहेत, म्हणाला, पण ठेवा.
वहीत नाहीत, मी म्हटलं, घेता येणार नाहीत.
तो गेला तरी बूट टेबलावरच.

गोलकीपर जॉयविनची आई हातमोजे घेऊन आली.
धुऊन, वाळवून, बोटं एकेक सरळ करून.
शिस्त समितीत किती माणसं असतात, तिनं विचारलं.
पाच, मी म्हटलं.
त्यातलं कोणी कधी खेळलंय?
मला खरंच माहीत नव्हतं.

कर्णधार मळीक वडिलांच्या गाडीतून आला.
वकिलानं सांगितलं असावं, बोलू नको.
बोलला नाही. पट्टा ठेवला दंडावरचा,
सही केली, माझ्या पेनाचं टोपण घेऊन गेला.

दोन वर्षं सर रेषेबाहेरून ओरडायचे,
एका मनानं खेळा रे, एका मनानं!
हवालदार माझा जबाब घ्यायला आला तेव्हा
फिर्याद वाचून दाखवली त्यानं:
गंभीर दुखापत. समान इरादा.

ज्याला मारलं तो शिरोड्याचा मिंगेल कुलासो,
वय चोवीस. रविवारी रेषापंच,
बाकीचे सहा दिवस पोदेर.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला त्यानं झेंडा वर केला
आणि आमचा गोल गेला.
आता त्याचा जबडा तारेनं बांधलाय,
नळीनं पेज पितो.
पहाटे आमच्या वाड्यावर पाववाल्याचा भोंगा वाजतो,
भोंगा तोच, दाबणारा त्याचा धाकटा भाऊ.
पाव घ्यायला मी बायकोला पाठवतो.

सहा नंबर शेवटी आला. पावलू वेळीप.
वसतिगृहाची खोली खाली करून,
एका खांद्यावर पिशवी, एका खांद्यावर गादी.
दर शुक्रवारी ठाण्यात हजेरी, मग गावची कदंब,
ती चुकली तर रात्र स्टँडवर.
जर्सी? मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.
म्हणाला, हांव मारूंक नासलों, सर.
ते गेल्यावर मी जर्सी काढली
आणि त्याच्या तोंडावर दाबून धरली.
रक्त थांबत नव्हतं.

असेल. नसेलही.
मी तिथं नव्हतो.
मी खोलीला कुलूप लावत होतो,
तीन झेंडे मोजून चौथा राहिला असेल मैदानात म्हणत.
त्याआधी चहाच्या गाड्यावर, पोरं ऐकत असताना,
मी म्हणालो होतो, ऑफसाइड नव्हताच तो.
त्या कुलासोला कोणीतरी दाखवायला पाहिजे एकदा.
हे हवालदारानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

पावलूच्या नावापुढे परतीच्या रकान्यात
मी लिहिलं: मुद्देमाल.
त्यानं उलट्या बाजूनं वाचलं,
गादी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

रविवारी पुढची मॅच होती, उरलेल्या पोरांची.
चौथ्या कोपऱ्यात मी काजूची फांदी रोवली,
वर लाल फडकं बांधलं, वाकडंच राहिलं ते.
नवा रेषापंच येऊन तिच्याकडे बघत राहिला.
विसाव्या मिनिटाला त्यानं झेंडा वर केला.
कोणी शिवी दिली नाही,
कोणी टाळीही वाजवली नाही.
तो हात वर धरून उभाच,
आणि सगळं मैदान
त्याचा हात खाली येण्याची वाट बघत.